वाचणाऱ्यालाही आवडलं पाहिजे

मुलांच्या पुस्तकांवर हल्ली वयोगट छापलेला असतो. तीन ते पाच, सहा ते आठ, नऊ ते बारा. ग्रंथप्रदर्शनात पुस्तक हातात घेतलेले आईबाबा आधी तो आकडा बघतात, मग किंमत, मग चित्रं, आणि शेवटी ‘यातून मुलाला काय मिळेल’ असा प्रश्न विक्रेत्याला विचारतात. मूल ते पुस्तक एकटं वाचणार असेल तर या चौकशीत फारसं चूक काही नाही. पण रात्री जेवणं झाल्यावर घरातल्या सगळ्यांनी बसून मोठ्याने वाचायचं पुस्तक निवडताना ही चौकशी अर्धवट राहते, कारण त्या बैठकीत मुलाइतकंच महत्त्वाचं असलेलं दुसरं माणूस तिच्यातून पूर्ण सुटतं. ते म्हणजे वाचून दाखवणारं माणूस. माझं म्हणणं असं, की घरात मोठ्याने वाचायचं पुस्तक निवडताना पहिली अट वाचणाऱ्याच्या आवडीची असावी. वाचणाऱ्या आईला, बाबांना, आजोबांना किंवा थोरल्या ताईला ते पुस्तक आज, या वयात, मनापासून आवडत नसेल, तर ते कितीही नावाजलेलं असो, त्या घरापुरतं ते चुकीचं पुस्तक आहे. बालसाहित्याची चर्चा करताना मुलाला केंद्रस्थानी ठेवायची आपल्याला सवय आहे. त्यामुळे हे म्हणणं स्वार्थी वाटेल, पण त्यामागची कारणं मुलाच्याच हिताची आहेत.

आपल्याकडे घरोघरी मोठ्याने वाचण्याची प्रथा बालसाहित्याच्या कितीतरी आधीची आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी श्रीधरस्वामींनी ‘हरिविजय’, ‘रामविजय’, ‘पांडवप्रताप’ रचले आणि पुढे दोन शतकांहून अधिक काळ चातुर्मासात ते ओटीवर, देवळात, माजघरात वाचले जात राहिले. अक्षरओळख असलेला एक जण वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. ऐकणाऱ्यांत म्हातारी माणसं असत, दिवसभर राबून आलेली असत, आणि त्यांच्या मांडीवर डोकं टेकून पडलेली मुलंही असत. त्या ग्रंथांवर कुणी वयोगट लिहिला नव्हता. पाच वर्षांच्या मुलाला कालियामर्दन कळायचं आणि वेदान्ताची ओवी डोक्यावरून जायची. शेजारी बसलेल्या आजोबांचं कदाचित उलट व्हायचं. पण वाचणारा स्वतः त्यात रंगलेला असल्याशिवाय पोथी चार महिने चालत नसे, आणि तो मध्ये थांबून अर्थ सांगायचा तो त्याला सांगावासा वाटायचा म्हणून. या प्रथेच्या मर्यादा मोठ्या होत्या. कुणी वाचायचं, कुणी कुठे बसून ऐकायचं, हे जातीवर आणि बाईपणावर ठरत असे, आणि ती व्यवस्था परत यावी असं कुणीही म्हणू नये. तरी एक गोष्ट तिने दीर्घकाळ सिद्ध करून दाखवली, की वेगवेगळ्या वयाची माणसं एकाच पुस्तकावर एकत्र टिकू शकतात, आणि तसं व्हायला पुस्तक मुलांच्या पातळीला उतरवावं लागत नाही.

यामागचं साधं कारण असं, की मुलाची ऐकून समजण्याची ताकद त्याच्या वाचण्याच्या ताकदीपेक्षा कितीतरी पुढे असते. दुसरीतलं मूल जोडाक्षरावर अडखळतं, पण तेच मूल घरातली भांडणं, टोमणे, अर्धवट सोडलेली वाक्यं आणि त्यांमागचे हेतू बिनचूक ओळखतं. त्याला वाचता येतं तेवढंच ऐकवायचं म्हटलं, तर त्याच्या बुद्धीला आपण डोळ्यांच्या गतीने चालायला लावतो. डोनाल्ड हेज आणि मार्गारेट एरन्स या अमेरिकी संशोधकांनी १९८८ मध्ये एक मोजणी प्रसिद्ध केली. पदवीधर प्रौढांच्या आपसातल्या गप्पांत दर हजार शब्दांमागे सुमारे १७ कमी वापरातले शब्द येतात, तर मुलांच्या पुस्तकांत जवळपास ३१. म्हणजे सुशिक्षित घरातलं बोलणं कितीही समृद्ध असलं, तरी छापील गोष्टीची भाषा त्याच्या पुढेच असते. ही मोजणी इंग्रजीची आहे आणि मराठीत आकडे वेगळे निघतील. पण आपण रोज घरात किती थोड्या शब्दांत भागवतो, ते कुणालाही एका दिवसात तपासता येईल. ‘ते दे’, ‘आवर’, ‘चल लवकर’, ‘अभ्यास झाला का’, यापलीकडचं मराठी मुलाच्या कानावर कुठून पडणार? न्यूझीलंडमध्ये वॉरविक एली यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सात-आठ वर्षांच्या मुलांना वर्गात गोष्टी वाचून दाखवल्या गेल्या. नुसतं ऐकून गोष्टीतल्या नव्या शब्दांची समज सुमारे १५ टक्क्यांनी वाढली; वाचताना शिक्षकांनी शब्दाचा अर्थ जाता जाता सांगितला तेव्हा ही वाढ ४० टक्क्यांपर्यंत गेली. हा फरक वाचणाऱ्या माणसामुळे पडला, कारण पुस्तक तेच होतं.

उलट बाजूचा पुरावाही इथेच मांडला पाहिजे. लहानपणी वाचून दाखवलं की मूल हुशार होतं, अभ्यासात पुढे जातं, असं सरसकट सांगितलं जातं, ते संशोधनाला धरून नाही. हॉलिस स्कारबरो आणि वांडा डॉब्रिच यांनी १९९४ मध्ये तीन दशकांतले अभ्यास एकत्र तपासले आणि दुसऱ्याच वर्षी नेदरलँड्समधल्या संशोधकांनी तशीच पाहणी केली. घरात वाचून दाखवण्याने मुलांच्या पुढच्या वाचनक्षमतेतला सुमारे आठ टक्केच फरक उलगडतो, असं दोन्हीकडे दिसलं. आठ टक्के म्हणजे शून्य नव्हे, पण जाहिरातीत सांगतात तेवढंही नाही. मला हा आकडा निराशेचा वाटत नाही. ‘रोज किती वेळ वाचलं’ एवढंच मोजलं तर इतकंच हाती लागणार. घड्याळ लावून, कर्तव्य म्हणून, कंटाळलेल्या आवाजात वाचलेली वीस मिनिटं आणि वाचणाऱ्यालाच पुढे काय होतं याची उत्सुकता असलेली वीस मिनिटं, या दोन्ही गोष्टी अशा मोजणीत सारख्याच धरल्या जातात. आणि वाचन नको असलेल्या मुलावर ते लादलं तर उलटंही पडू शकतं, याकडे स्कारबरो-डॉब्रिच यांच्या आढाव्यातच लक्ष वेधलेलं आहे.

आता या पुराव्याला मुलांचा एक जगजाहीर हट्ट जोडून बघावा. लहान मूल तीच गोष्ट पुन्हा मागतं. एकदा, दोनदा नाही, महिनाभर. ससेक्स विद्यापीठातल्या जेसिका हॉर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं, की तीन वर्षांच्या मुलांना तेच नवे शब्द वेगवेगळ्या गोष्टींतून ऐकवण्यापेक्षा एकाच गोष्टीच्या पुनरावृत्तीतून ऐकवले, तर ते जास्त नीट लक्षात राहतात. मुलाचा हट्ट शहाणपणाचा आहे, तो पुरवला पाहिजे. पण तो पुरवायचा कुणी? जे पुस्तक वाचणाऱ्याला पहिल्याच दिवशी सपक वाटलं, ते तो पंधराव्या दिवशी पानं गाळत वाचणार, मूल ‘हे राहिलं’ म्हणून अडवणार, आणि आठवड्याभरात कुठलंतरी काम निघून ती बैठक मोडणार. घरातली वाचनाची सवय बहुतेकदा अशीच संपते आणि दोष मात्र मोबाइलला दिला जातो. पुनरावृत्ती सोसणारं पुस्तक वाचणाऱ्यालाही प्रत्येक खेपेला काहीतरी देतं: एखाद्या वाक्याचा तोल, चित्राच्या कोपऱ्यातला न दिसलेला तपशील, एखाद्या पात्राच्या बोलण्यातला खोडकरपणा. म्हणून वाचणाऱ्याची आवड हा त्याच्या चैनीचा मुद्दा ठरत नाही. तिच्यावर ती बैठक टिकण्या-न टिकण्याचा सगळा भार असतो.

सर्वांत ठाम आक्षेप संस्कारांच्या बाजूने येतो. पुस्तक मुलाला वळण लावण्यासाठी असतं, मोठ्यांच्या करमणुकीसाठी नव्हे, असं मानणारा वर्ग मराठीत नेहमीच मोठा होता, आणि त्याची मुळं आपल्या बालवाङ्मयाच्या जन्मात आहेत. तंजावरला सरफोजीराजांच्या आश्रयाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या. पुढे १८२८ मध्ये सदाशिव काशिनाथ छत्रे यांचे ‘बाळमित्र’ आणि ‘इसपनीतिकथा’ आले. ती पुस्तकं शाळांसाठी होती, आणि शाळेत गोष्टीला तात्पर्य असावं हे त्या काळाला धरूनच होतं. दुर्दैव एवढंच, की तात्पर्याची ती सवय शाळेतून घरात आली आणि अजून गेलेली नाही. तात्पर्य लिहिलेली गोष्ट मोठ्याने वाचून बघितली तर तिचा दोष लगेच कळतो. गोष्ट चालू असते तोवर वाचणारा आणि ऐकणारा एका बाजूला असतात. तात्पर्य आलं की वाचणारा उठून उपदेशकाच्या जागी जाऊन बसतो आणि मूल एकटं उरतं.

याच्या अगदी उलट रचना आपल्याच परंपरेत आहे. विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न विचारतो. उत्तर माहीत असून राजा गप्प राहिला तर डोक्याची शकलं होणार, आणि बोलला तर मौन मोडून वेताळ परत झाडावर जाणार. १९५२ पासून मराठीत निघू लागलेल्या ‘चांदोबा’ने ही चौकट उचलली, मूळच्या पंचवीस कथा संपल्या तरी नव्या कथा रचून ती वर्षानुवर्षं चालवली, आणि शंकर यांच्या चित्रातला खांद्यावर प्रेत घेतलेला, तलवार परजलेला राजा घराघरात पोचवला. या गोष्टींत न्याय, कृतज्ञता, त्याग असे संस्कारवाल्यांना हवे असलेले सगळे विषय आहेत. पण प्रश्नाला उत्तर देताना आई आणि मुलगी एकाच अडचणीत सापडतात. राजाचं उत्तर पटलं नाही तर दोघी मिळून त्याच्याशी भांडू शकतात. नीतीचा विचार करायला लावणं यापेक्षा वेगळं काय असतं?

‘श्यामची आई’ हे या वादातलं सर्वांत अवघड उदाहरण, कारण संस्काराचं पुस्तक म्हणून ते डोक्यावर घेतलं गेलं आणि त्याच कारणासाठी अनेकांनी ते दूरही ठेवलं. साने गुरुजींनी ते १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्याच्या प्रकरणांना प्रकरणं म्हटलेलं नाही, रात्री म्हटलेलं आहे. आश्रमात दिवसभराची कामं आटोपल्यावर श्याम आपल्या मित्रांना आईच्या आठवणी सांगतो, एका रात्री एक, आणि ऐकणारे मधूनमधून बोलतात, पुढचं ऐकायला दुसऱ्या दिवशी परत येतात. म्हणजे मोठ्याने सांगणं-ऐकणं हाच या पुस्तकाचा घाट आहे. ते शाळेच्या बक्षिसात मिळालेलं, एकट्याने, सुट्टीत संपवायचं पुस्तक झालं तेव्हा त्याचं नुकसान झालं. एका बैठकीत दहा रात्री वाचल्या तर तो कढ कुणालाही सोसणार नाही. एका रात्री एकच वाचली, तर त्यात आईच्या शिकवणीइतकंच ठळक दिसतं ते श्यामचं लाजणं, खोटं बोलणं, रुसणं, आईला दुखावणं आणि त्याची पुढे आयुष्यभर वाटलेली खंत. ही खंत मोठ्या माणसाची आहे, मुलाची नव्हे. म्हणून आज आईवडील झालेल्या माणसाला ती जास्त कळते, आणि त्याच्या आवाजातून मुलापर्यंत जे पोचतं ते तात्पर्यापेक्षा खोल असतं. मात्र ज्या बाबांना हे पुस्तक रडवं वाटतं त्यांनी ते केवळ ‘वाचलं पाहिजे’ म्हणून वाचू नये. त्यांच्या आवाजातला कंटाळा मुलाला पहिल्याच रात्री ऐकू येईल आणि एका चांगल्या पुस्तकाचं दार कायमचं बंद होईल.

निवडीची दुसरी कसोटी कानाची, आणि ती पहिलीतूनच निघते. डोळ्यांनी वाचताना चालून जाणारं वाक्य जिभेवर अडतं. पुष्कळ अनुवादित चित्रपुस्तकांचं मराठी असं आहे, की क्रियापद येईपर्यंत श्वास संपतो, आणि पात्रं अर्ज लिहावा तसं बोलतात. चित्रं सुरेख असल्याने हे दुकानात लक्षात येत नाही. त्यासाठी एकच उपाय आहे. पुस्तक घेण्याआधी मधलं कुठलंही एक पान पुटपुटत का होईना, तोंडाने वाचून बघावं. विंदा करंदीकरांच्या बालकविता या कसोटीला का उतरतात याचं उत्तर त्यांच्या पुस्तकांच्या सालांत आहे. ‘धृपद’ १९५९ मधला संग्रह, ‘जातक’ १९६८ मधला. या दोहोंच्या मध्ये, म्हणजे कवी म्हणून ऐन भरात असताना, ‘राणीची बाग’, ‘एकदा काय झाले’, ‘सशाचे कान’, ‘एटू लोकांचा देश’ ही पुस्तकं आली. मुलांसाठी लिहायचं म्हणून त्यांनी हातचं काही राखून ठेवलेलं नाही. लयीचा तोच अभ्यास, विचित्राची तीच ओढ. त्यामुळे ती म्हणताना मोठ्या माणसाला आपण बोबडं बोलतोय असं वाटत नाही. जी. ए. कुलकर्णींसारखा गडद कथा लिहिणारा लेखक ‘बखर बिम्मची’ लिहितो, तेव्हाही हेच घडतं. माधुरी पुरंदरे यांनी ‘वाचू आनंदे’मध्ये तर मोठ्यांसाठीच्या मराठी साहित्यातले उतारे निवडून मुलांपुढे ठेवले आणि सोबत भारतीय चित्रकलेतली चित्रं दिली. त्यांची ‘राधाचं घर’ आणि ‘यश’ ही पुस्तकं अगदी लहानांची, घरातल्या रोजच्या गोष्टींची. त्यात चमत्कार नाही, बोध नाही. पण त्यांतलं घर इतकं नेमकं पाहिलेलं आहे, की वाचणाऱ्या आईला स्वतःचंच वागणं त्यात दिसतं आणि ती हसते. आई का हसली हे मुलाला विचारावंसं वाटतं, आणि पुस्तकाबद्दलचं बोलणं तिथून सुरू होतं.

इथे कुणी म्हणेल, की मोठ्यांच्या आवडीला असं पहिलं स्थान दिलं तर ते आपल्या लहानपणीची पुस्तकं मुलांवर लादतील. हे भय खरं आहे. आपल्या पिढीच्या याद्या बघितल्या तर ‘फास्टर फेणे’, ‘गोट्या’, ‘चिंगी’, ‘चांदोबा’चे जुने अंक यांच्यापुढे त्या फारशा सरकत नाहीत. म्हणून मी वर ‘आज’ हा शब्द घातला. लहानपणी आवडलेलं पुस्तक आणि आता आवडणारं पुस्तक यांत अंतर असू शकतं, आणि ते मुलासमोर बसण्याआधी एकट्याने एकदा वाचून तपासावं लागतं. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेच्या, त्या फुरसुंगीच्या पोराच्या बाबतीत अनेकांना सुखद धक्का बसेल, कारण त्या वाक्यांना वेग आहे, आणि त्याचा तो ‘ट्टॉक’ तोंडाने काढल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. उलट आठवणीत सोन्याची वाटणारी काही पुस्तकं उघडल्यावर नुसती आठवणच चांगली होती असं कळेल. ती बाजूला ठेवावीत. शिवाय वाचणाऱ्याची आवड ही पहिली अट आहे, एकमेव नाही. मुलाला नकाराचा पूर्ण अधिकार हवा. तीन-चार बैठकींत गोष्ट धरत नसेल तर पुस्तक बंद करावं, आणि ते मुलाचं अपयश मानू नये. फ्रेंच लेखक दानिएल पेनाक यांनी १९९२ च्या आपल्या पुस्तकात वाचकाच्या हक्कांत पुस्तक अर्धवट सोडण्याचा हक्क गणला, तो घरातल्या श्रोत्यालाही लागू आहे. दोघांनाही नकार देता येईल आणि तरी दोघांनाही हवीशी वाटतील, अशी पुस्तकं थोडीच निघतात. घराची लाडकी पुस्तकं ठरायची ती अशाच चाळणीतून. शेजाऱ्यांची यादी उचलून ती ठरत नाहीत.

दुसरी शंका पुस्तकातल्या दुःखाची आणि जुन्या पुस्तकांतल्या अप्रिय मजकुराची. राम पटवर्धनांनी ‘पाडस’ या नावाने मराठीत आणलेली मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांची १९३८ ची कादंबरी दहा-अकरा वर्षांच्या मुलाला वाचून दाखवावी का? शेवटी मुलाने जिवापाड वाढवलेलं हरणाचं पाडस शेतातलं पीक खातं, पीक गेलं तर घर उपाशी राहणार, आणि त्याला गोळी घालण्याचा निर्णय घरातल्या मोठ्यांनाच घ्यावा लागतो. एकट्या मुलाच्या हाती हे पुस्तक देताना मीही विचार करीन. पण मोठ्याने वाचण्याचा सर्वांत मोठा फायदा इथेच आहे. त्या पानावर मूल एकटं नसतं, आणि वाचणाऱ्याचा आवाजही तिथे अडतो हे त्याला ऐकू येतं. बापाची बाजूही समजून घेण्यासारखी आहे हे मुलाला एकट्याने वाचताना कळेलच असं नाही. बापाच्याच आवाजात ऐकताना ते कळण्याची शक्यता कितीतरी जास्त. जुन्या गोष्टींतल्या दुष्ट सावत्र आया, काळा म्हणून कुरूप ठरलेला राक्षस, जातीवरून केलेली थट्टा, यांचंही तसंच. गुपचूप गाळणं सोपं असतं. पण शाळेत, नातेवाइकांत, रस्त्यावर मुलाला ते भेटणारच आहे. थांबून ‘हे मला पटत नाही, तुला काय वाटतं’ असं विचारता येणं ही घरच्या बैठकीला मिळालेली सोय आहे. अर्थात पुस्तकाचा सगळा डोलाराच तिरस्कारावर उभा असेल तर थांबण्याला काही अर्थ उरत नाही. ते पुस्तक वाचणाऱ्याला आवडणारही नाही, आवडूही नये.

इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलांच्या घरी ‘त्याला मराठी जड जातं’ हे वाक्य वारंवार ऐकू येतं. पुण्या-मुंबईत ऐकू येतं, बंगळुरूत येतं, आणि न्यू जर्सीत आठवड्यातून एकदा मराठी शाळेत जाणाऱ्या मुलांच्या घरीही. जड जातं ती बहुतेकदा लिपी. वाचून दाखवण्यात लिपीचा भार वाचणाऱ्यावर असतो आणि मुलाच्या वाट्याला फक्त भाषा येते, म्हणून मराठी टिकवण्याचा याहून हलका मार्ग मला दिसत नाही. पण त्यासाठीही आईबाबांना ते मराठी पुस्तक आवडलेलं असावं लागतं. भाषा वाचवण्याची मोहीम म्हणून वाचलेलं पुस्तक मुलाला लगेच शिकवणीसारखं वाटतं. ज्यांच्या घरात मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी किंवा कोकणी बोलली जाते त्यांनी छापील संवाद बेधडक आपल्या बोलीत वाचावेत. निवेदन पुस्तकाचं आणि बोलणं घरचं, या मिश्रणाने गोष्टीचं काही बिघडत नाही. उलट वाचणाऱ्याची जीभ मोकळी होते आणि मुलाला प्रमाण मराठी परकी न वाटता ओळखीची होत जाते. मूळ लेखकावर हा अन्याय आहे असं म्हणणाऱ्यांनी कीर्तनकाराने दृष्टान्त कोणत्या भाषेत सांगितला असता, ते आठवून पाहावं.

वेळ नाही, हा आक्षेप मी हलका मानत नाही. दोन पाळ्या, दोन लोकल, स्वयंपाक, गृहपाठ. यातून रोजचा अर्धा तास काढा असं सांगणं सोपं आहे. ध्वनिमुद्रित गोष्टी आता मराठीत पुष्कळ आहेत, काही फार चांगल्या वाचलेल्या आहेत, आणि प्रवासात त्या ऐकाव्यात. पण ध्वनिमुद्रण थांबवून प्रश्न विचारला तर ते उत्तर देत नाही, आणि एलींच्या प्रयोगातला फरक नेमका तिथेच पडला होता. मला वाटतं, रोजचा नियम करण्यापेक्षा आठवड्यातून दोन रात्री आवडीचं वाचलं तरी चालेल. कंटाळून पाळलेले सात दिवस काही देत नाहीत. याहून खरा आणि कठीण प्रश्न आहे तो ज्या घरात वाचणारंच कुणी नाही त्यांचा. २०२२ च्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी सुमारे ४३ टक्केच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकत होती. या मुलांच्या अनेक पालकांना पुस्तक हा आपला प्रांतच वाटत नाही. तिथे आजीची तोंडी गोष्ट पुस्तकापेक्षा कमी मानण्याचं कारण नाही. सांगणाऱ्याला आवडलेली गोष्ट हा निकष तिलाच सर्वांत चांगला लागू होतो. त्याच्या जोडीला सहावी-सातवीतली ताई धाकट्याला वाचून दाखवू शकते, आणि तिला अडखळल्याशिवाय वाचता येईल असं काही हाताशी हवं. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतं आहे, प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी फुकट मिळतात, आणि १९६७ च्या कायद्याने उभी राहिलेली सार्वजनिक ग्रंथालयं अनेक गावांत आहेत. त्यांतल्या कितीतरी ठिकाणी बालविभाग कुलपात असतो, मुलांनी पुस्तकं फाडू नयेत म्हणून. तिथे आठवड्यातून एक संध्याकाळ ज्याला जे आवडतं ते त्याने मोठ्याने वाचावं, एवढी सोय करायला अनुदानाची वाट पाहावी लागणार नाही.

मूल स्वतः वाचायला लागलं की वाचून दाखवणं बंद करायचं, ही आपल्याकडची सर्वमान्य रीत. तिच्याशी माझं सर्वांत तीव्र भांडण आहे. पुस्तकांची निवड खऱ्या अर्थाने रंगते ती त्याच वयात. आठ-नऊ वर्षांच्या मुलीबरोबर ‘तोत्तोचान’ वाचताना आगगाडीच्या डब्यांत भरणारी शाळा तिला भुरळ घालते. शाळेत आलेल्या नव्या मुलीचं बोलणं मुख्याध्यापक तासन्‌तास ऐकून घेतात, ते पान मात्र आईबाबांना गप्प करतं. एकाच पुस्तकातून दोघांना दोन वेगळ्या गोष्टी मिळतात आणि त्या एकमेकांना सांगता येतात. बाराव्या-तेराव्या वर्षी तर मुलंच पुस्तक सुचवू लागतात. तेव्हा वाचणारा आणि ऐकणारा यांच्या जागाही बदलता येतात, आणि आजोबांना ऐकण्याची पाळी मिळते.

हे सगळं मान्य केलं तर मराठी प्रकाशकांकडे एक मागणी करता येते. मुलांची पुस्तकं छापताना मुलाच्या डोळ्यांचा विचार होतो, वाचणाऱ्याच्या नाही. अगदी लहानांच्या पुस्तकांत मोठा टाइप आणि वयोगट वाढला की बारीक, चित्रावरच छापलेली फिकट अक्षरं, मध्ये हाताने दाबून धरल्याशिवाय उघडं न राहणारं पुस्तक. मांडीवर मूल, एका हातात पुस्तक आणि डोळ्यांवर जाड चष्मा, अशा स्थितीत वाचणाऱ्या आजीला यातली प्रत्येक गोष्ट अडवते. आणि पुष्कळ घरांत संध्याकाळी मुलांजवळ असते ती आजीच. गाजलेल्या बालपुस्तकांच्या, निदान ‘किशोर’मधल्या निवडक गोष्टींच्या, मोठ्या ठळक अक्षरांत, सपाट उघडणाऱ्या बांधणीत, श्वास घ्यायला जागा सोडून जुळवलेल्या ओळींच्या आवृत्त्या निघाल्या, तर त्या आधी आजीच्या हातात जातील, आणि कोणती गोष्ट आज वाचायची हे ठरवायला तिला कुणाची यादी लागणार नाही.